प्रोस्टेटच्या कर्करोगापुढे प्रतिकारशक्ती गप्प का राहते?

नमस्कार. बीड, परभणी, धाराशिवकडील प्रेक्षक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : वडिलांना प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा) कर्करोग निघाला आहे, प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी त्यांना काय द्यावे?

मुळात या आजारात प्रतिकारशक्ती कमी असते असे नाही. आपल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, परकेपणा ओळखतात तो पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या तुकड्यांवरून, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात जनुकीय बदल तुलनेने कमी असल्यामुळे असे अनोळखी तुकडेही थोडेच असतात. ज्वारीच्या कोवळ्या पिकात तसेच दिसणारे गवत खुरपणाऱ्याच्याही नजरेतून सुटते, तसे हे आहे. शिवाय गाठीच्या आसपास टी पेशींना दडपणाऱ्या पेशी जमतात.

टी पेशींना आवर घालणारी यंत्रणा शोधल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. त्या शोधातून आलेल्या औषधांनी मेलेनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या, उपचारांचे चित्र पालटले. प्रोस्टेटच्या बहुतेक रुग्णांना मात्र त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची एक विशिष्ट यंत्रणा बिघडलेली असते आणि त्यामुळे जनुकीय बदल भरमसाट असतात, असे मोजके रुग्ण याला अपवाद आहेत.

सिप्युल्यूसेल-टी या उपचाराला अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून, प्रोस्टेटमधील एका प्रथिनाची त्यांना प्रयोगशाळेत ओळख करून देऊन, त्या परत शरीरात सोडतात. चाचणीत मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितके जगले तो काळ) 21.7 महिन्यांवरून 25.8 महिन्यांवर गेले, पण पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे, तपासणीत मोजले जाणारे प्रथिन) बहुतेकांचा उतरला नाही. केवळ पीएसएच्या आकड्यावर उपचाराचे यश जोखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला वाटते.

या कर्करोगाला पोसणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी करण्याच्या उपचाराचा पाया चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये घातला आणि पसरलेल्या आजारात आजही उपचारांचा मुख्य आधार तोच आहे. या उपचारानंतर ग्रंथीत टी पेशींची संख्या वाढते, असेही पुढे दिसून आले; मात्र तेवढ्याने रोग हटत नाही.

तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जा किंवा अन्यत्र, पसरलेल्या आजारात गाठीच्या जनुकीय तपासणीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. आणि घरी गुळवेलाचा काढा चालू असेल तर तोही सांगा. गुळवेलामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनीच केल्या आहेत, आणि या आजारात दिल्या जाणाऱ्या अ‍ॅबिराटेरोन या औषधामुळेही यकृतावर ताण येऊ शकतो.