ईमला गेलात तर शिवेपर्यंत चालत जा | शेफील्डजवळचं प्लेगचं गाव

नमस्कार मंडळी!

शेफील्ड आणि मँचेस्टरला शिकायला आलेल्या मुलांचा एक प्रश्न सारखा येतोय. एका दिवसात जाऊन येता येईल, गाडी लागणार नाही आणि नुसते फोटो काढून परत यावं लागणार नाही, असं एखादं जुनं इंग्लिश गाव सांगा. तर आजचं गाव आहे ईम.

आधी नावाचं बघू. इंग्रजी स्पेलिंग वाचून कमेंटमध्ये बरेच जण 'इयाम' लिहितात. उच्चार 'ईम', एका दमात. बसच्या ड्रायव्हरला विचारताना 'ईम'च म्हणा.

[स्क्रीनवर नकाशा: शेफील्ड, ग्राइंडलफर्ड, ईम, स्टोनी मिडलटन]

डर्बीशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमध्ये हे गाव आहे. शेफील्डपासून साधारण 20 किलोमीटर. शेफील्ड इंटरचेंजवरून बक्स्टनच्या दिशेची 65 नंबरची बस गावात जाते. ट्रेनने आलात तर जवळचं स्टेशन ग्राइंडलफर्ड. शेफील्डहून निघालेली गाडी टॉटलीचा लांब बोगदा ओलांडते आणि लगेच ग्राइंडलफर्ड येतं. तिथून ईम जवळजवळ 5 किलोमीटर आणि वाट चढाची. गाडी असेल तर हॉकहिल रोडवरच्या पार्किंगमध्ये लावा, समोरच म्यूझियम आहे. बाहेर उभं राहून छपरावरचं वातकुक्कुट बघा. कुक्कुट म्हणायचं, पण तिथे कोंबडा नाही, उंदीर आहे.

म्यूझियम सोमवारी बंद असतं आणि हिवाळ्यात काही महिने पूर्णच बंद. निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या वेळा बघून घ्या. एवढं झालं की मूळ मुद्द्याकडे येऊ.

मुद्दा एकच आहे. ईमची गोष्ट गावाच्या मधोमध संपत नाही, ती शिवेवर आहे. बहुतेक जण शिवेपर्यंत जातच नाहीत. बसमधून उतरतात, प्लेग कॉटेजसमोर, म्हणजे साथ जिथून सुरू झाली त्या घरासमोर, फोटो काढतात, चर्चमध्ये डोकावतात, चहा-केक खातात आणि परततात. मग कमेंट येते, "गाव छान आहे, पण एवढं काय त्यात?" जे बघायला हवं होतं ते अर्ध्या-पाऊण तासाच्या पायवाटेवर राहून गेलेलं असतं.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती माहीत नसेल तर शिवेवरचा दगड म्हणजे नुसता दगड.

सप्टेंबर 1665. लंडनमध्ये प्लेग जोरात होता. तिथून ईमच्या अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून त्याच्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीजवळ वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या असं मानतात. 7 सप्टेंबरला व्हिकर्स गेला. त्या घराबाहेर आज हिरवी पाटी आहे. ती घाईत वाचू नका, एकेक ओळ वाचा. 22 सप्टेंबरला एडवर्ड कूपर, वय 4. 2 ऑक्टोबरला त्याचा भाऊ जोनाथन, वय 12. पुढच्या ऑगस्टमध्ये हॅडफील्ड स्वतः. घरात हॅडफील्डची बायको, त्या दोन मुलांची आई मेरी, एकटी उरली, आणि नात्यातली 13 माणसं तिने गमावली. एका घराची ही एवढी पाटी.

हिवाळ्यात साथ मंदावली. 1666 च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली. गावचा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन तरुण होता आणि दोनच वर्षांपूर्वी आलेला, त्यामुळे त्याचं ऐकायला कोणी फारसं तयार नव्हतं. त्याने एक मोठी गोष्ट केली. ज्याला धर्माच्या भांडणात पदावरून काढलं होतं, त्या आधीच्या धर्मगुरूला, थॉमस स्टॅनलीला, सोबत घेतलं. जूनमध्ये दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. चर्च बंद, प्रार्थना गावाजवळच्या कुक्लेट डेल्फ या घळीत, उघड्यावर, कुटुंबं अंतर ठेवून उभी. ज्याच्या घरात माणूस जाईल त्याने आपल्याच जमिनीत पुरायचं. आणि गावाची शीव कोणी ओलांडायची नाही.

आता तुमच्या भेटीचा पहिला भाग, नीट ऐका. चर्चच्या आवारात प्लेगच्या कबरींची रांग शोधू नका. हा प्रश्न दर आठवड्याला येतो: "एवढी माणसं गेली, मग कबरी कुठायत?" दुसरा नियम आठवा. जूनपासून ज्याने त्याने आपल्या परसात, आपल्या शेतात पुरलं. म्हणून ती माणसं गावभर आणि गावाबाहेर विखुरलेली आहेत. आवारात सहज ओळखू येणारं थडगं एकच, कॅथरिन मॉम्पेसनचं. धर्मगुरूची बायको. मुलांना बाहेर पाठवलं, पण ती स्वतः थांबली, आजाऱ्यांत फिरत राहिली आणि 25 ऑगस्ट 1666 ला गेली. जवळच आठव्या शतकातला सॅक्सन क्रॉस आहे, तोही बघा. कोरीव काम अजून स्पष्ट दिसतं. दक्षिणेकडच्या भिंतीवर 1775 सालचं सूर्यघड्याळ आहे.

मुलांना बाहेर पाठवण्यावरून खाली बराच वाद झालाय. "स्वतःची पोरं पाठवली आणि लोकांना थांबवलं!" आक्षेप खोटा नाही. मुलं शीव बंद होण्याआधी गेली, आणि ज्यांना परवडत होतं अशी काही घरंही आधीच निघून गेली. थांबले ते बहुतेक शेतकरी आणि शिशाच्या खाणीतले कामगार. जायला दुसरी जागा नव्हती, असेही त्यात असणार. पण एवढ्यावरून त्यांचं थांबणं कमी होत नाही. डोंगरवाटा रात्री कोण अडवणार होतं? तिथे पहाऱ्याला सैन्य नव्हतं.

दुसरा भाग, पायांनी. गावातल्या चौकातून, म्हणजे द स्क्वेअरमधून, लिडगेट नावाची गल्ली निघते. शंभरेक पावलांत गडग्याने वेढलेल्या छोट्या जागेत डार्बी कुटुंबाच्या कबरी दिसतात. तिथे थांबून परत फिरू नका, बरेच जण इथेच फिरतात. गल्ली सोडून शेतातली पायवाट धरायची, 'पब्लिक फुटपाथ'ची पाटी असते. गडगा ओलांडायला दगडी पायऱ्या किंवा अरुंद फट असते, तिला स्टाइल म्हणतात. पाठीवरची मोठी सॅक त्यात अडकते, ती आधी पलीकडे ठेवा. शेतात गायी-मेंढ्या असतात, शांतपणे कडेने जा, आणि फाटक उघडलंत तर लावून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत उतारावर एक मोठा खडबडीत दगड लागतो. हा बाउंडरी स्टोन.

[क्लोज-अप: दगडावरची भोकं]

वरच्या बाजूला सहा भोकं आहेत, बोटभर रुंद, काठ गुळगुळीत झालेले. पाऊस झाला असेल तर पाणी साचलेलं असतं. त्या काळी यात व्हिनेगर ओतायचे आणि त्यात नाणी ठेवायचे. पलीकडच्या स्टोनी मिडलटनचे लोक अन्न आणि औषध ठेवून जायचे, नाणी घ्यायचे. दोन्हीकडची माणसं एकमेकांसमोर येणार नाहीत अशी व्यवस्था. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशरनेही गावाला सामान पुरवलं. दगडाशी उभं राहून खाली बघा. पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर वाटतं, वाट उताराची, अडवायला काही नाही. हे चर्चच्या बाकावर बसून कळत नाही. पुस्तक वाचूनही कळत नाही.

आणि एक विनंती. त्या भोकांत आता नाणी कोंबू नका. व्हिडिओ टाकायला म्हणून तर मुळीच नको. माणसांनी मरण टाळायला वापरलेली ती जागा आहे, नवसाची नाही.

तिसरा भाग, वेळेचा. "दोन तासांत होईल का?" नाही. म्यूझियमला एक तास, गाव आणि चर्च एक तास, बाउंडरी स्टोन जाऊन-येऊन पाऊण तास. रायली ग्रेव्ह्ज, म्हणजे गावाबाहेरच्या एका कुटुंबाच्या कबरी, त्यांना आणखी एक तास, कारण तिथे चढ आहे आणि तिथून लगेच निघवत नाही. मॉम्पेसन्स वेल, म्हणजे डोंगरावरचा झरा, हवा असेल तर दीड तास वेगळा. तीही तशीच देवाणघेवाणीची जागा, फक्त उत्तरेकडची. पाच-सहा तास धराच. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून थंडीत आधी शीव, मग गाव. क्रम उलटा करा. लोक सकाळ गावात घालवतात आणि शिवेकडे निघेपर्यंत अंधार पडतो, हीच चूक वारंवार होते.

साधे कॅनव्हासचे बूट घालू नका. पाऊस नसला तरी फाटकाच्या तोंडाशी जनावरांच्या पायांनी चिखल झालेला असतो, आणि चुनखडीचा ओला दगड साबणासारखा निसरडा. घळीत मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. कागदी हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 24.

आता रायली ग्रेव्ह्ज. चौकातून पूर्वेला, ग्राइंडलफर्डच्या रस्त्याने जायचं आणि चढावरची रायलीची वाट धरायची. कुरणाच्या मधोमध गोल गडगा, आत सात जणांच्या कबरी. ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅन्कॉकने नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. स्वतः खड्डे खणून, एकटीने. जवळ कोणी येणार नव्हतं. ती वाचली, आणि बाहेर असलेल्या उरल्या मुलाकडे शेफील्डला गेली असं सांगतात. आज ही जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. भोवती गवत आणि वारा, बाकी काही नाही. ड्रोन इथे नको, कृपा करून.

काही कमेंट्स घेते.

"किती लोक गेले?" साधारण 260. "म्हणजे 350 पैकी?" हा जुन्या पुस्तकांतला आकडा. कागदपत्रं नव्याने तपासल्यावर गावाची लोकसंख्या 700 च्या पुढे असावी असं दिसतं. तरीही तिसरा हिस्सा गाव गेलं. शेवटचा मृत्यू 1 नोव्हेंबर 1666.

"एमट सिडल आणि रोलंड टॉरची गोष्ट खरी का?" ती ईमची, तो स्टोनी मिडलटनचा, ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकांना बघायचे, ही परंपरेने आलेली गोष्ट आहे. एमट एप्रिल 1666 मध्ये गेली, म्हणजे शीव बंद होण्याच्या आधी. म्हणून 'क्वारंटाइनमधली प्रेमकथा' म्हणून सांगतात ते तारखांत बसत नाही. अंतर त्यांनी आपणहून ठेवलं असेल, तर ती गोष्ट उलट जास्तच मोठी.

"आपल्याकडे प्लेगात लोक गाव सोडून रानात जायचे, मग हे का थांबले?" फार चांगला प्रश्न. महाराष्ट्रात उंदीर पडू लागले की गाव शेतात झोपड्या बांधून राहायचं, आणि त्याने जीव वाचायचे, कारण उंदीर आणि पिसवा मागे राहायच्या. पण प्लेग पिसवांमुळे पसरतो हे कोडं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये सोडवलं, तेही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत. ईमच्या लोकांना 1666 मध्ये एवढंच माहीत होतं की आपण बाहेर पडलो तर रोग आपल्यासोबत जाईल. 2016 च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की ईममधली बहुतेक लागण माणसाकडून माणसाला झाली. म्हणजे घराघरांतली जवळीक महाग पडली. पुण्यात 1897 मध्ये विलगीकरण सरकारने सक्तीने लादलं, त्याचा राग किती पेटला ते आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. कॅथरिनच्या थडग्याशी उभं राहिल्यावर मराठी माणसाला त्या आठवणारच.

"कुक्लेट डेल्फ बघता येईल का?" जमीन खाजगी आहे, पाटी असेल तसं वागा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, प्लेग संडेला, तिथे प्रार्थना होते. त्याच सुमारास गावात वेल ड्रेसिंगही असतं. ओल्या मातीच्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रं काढतात, रांगोळी घालणाऱ्यांनी तर जवळून बघावीच. त्या दिवसांत बस आणि पार्किंग दोन्ही भरतात, सकाळी लवकर पोचा.

प्लेग कॉटेजेस ही लोकांची राहती घरं आहेत. पाटी वाचा, पण खिडकीला नाक लावू नका, बागेच्या फाटकातून आत जाऊ नका.

आणि परतीची बस. उतरल्या उतरल्या, म्यूझियमकडे वळण्याआधी, थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. रविवारचं वेगळं असतं. शेवटची बस किती वाजता ते बघा, त्याच्या आधीची ठरवा, आणि शिवेवरून परत निघायची वेळ त्यावरून मागे मोजा.