निर्गुडीची जिवंत खोपडी

नमस्कार मंडळी. माझ्या मागं ही हिरवी खोपडी, म्हणजे झोपडी, दिसते ना, ही बांधलेली नाही, लावलेली आहे. निर्गुडीच्या ओल्या काड्या जमिनीत खोचल्या, त्यांना मुळं फुटली, मग वाकवून एकमेकींत विणल्या.

ही कला विलायतेत विलोच्या झाडावर करतात. आपल्या नदीकाठचं वाळुंज त्याच कुळातलं. विलोच्या सालीखाली मुळांचे कोंब आधीपासूनच तयार असतात, म्हणून तोडलेली काडी ओल्या मातीत लगेच धरते. तिकडं पानगळ झाली की हिवाळ्यात लावतात. आपण हिवाळ्यात लावली तर काडी नीट मुरायच्या आत ४५ अंशांचं ऊन डोक्यावर येतं. म्हणून आपला मुहूर्त पावसाळ्याचा. पेरणीजोगा पाऊस झाला, ओल खोल गेली, की लागायचं.

मी निर्गुडी का घेतली? नाल्याकाठी फुकट मिळते, कलमानं सहज लागते आणि जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. गावात मोकळी गुरं फिरतात, तिथं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता माप. मधोमध खुंटी ठोका, १ मीटर दोरीनं गोल आखा. दोन फुटांचं दार सोडून दर वीतभरावर एक काडी धरली की साधारण २३-२५ काड्या लागतात. काडी वर्षभराची, सरळ, अंगठ्याएवढी जाड. बुडाकडचं टोक तिरपं छाटा, शेंड्याकडचं सरळ, म्हणजे उलटी लागणार नाही. सब्बलीनं फूटभर भोक पाडा, काडी सोडा, माती पायानं घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर काडी वाळते.

वीण मला गावातल्या म्हाताऱ्यांनी शिकवली. तुराट्यांचा कूड विणलेली माणसं ती! तिरप्या काड्या एक पुढून, एक मागून. जिथं फुली पडते तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधा. तार बांधू नका. खोड जाड झालं की तार सालीत रुतते आणि वरचा भाग मरतो.

पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या काड्या गेल्या, याचं मला फार वाईट वाटलं होतं. पाणी मी देत होतो, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं उघडी पडतात. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा चांगला वीतभर थर दिला. माती भेगाळली नाही, पाणीही कमी लागलं.

एखादी काडी मेलीच तर लगेच उपटू नका, शेजारणीची मुळं हलतात. ती आधाराला राहू द्या. शेजारच्या काडीची नवी फांदी कोवळी असतानाच त्या जागेत वळवा. हे बघा, इथं अशीच वळवली आहे.