विमानाला तारीख कळते का?

नमस्कार मंडळी! ओझरच्या रस्त्याला उभा आहे. वर घरघर ऐकू येतेय ना? सुखोई लढाऊ विमान असणार, विमानं बनवणाऱ्या एचएएलचा कारखाना इथंच आहे.

रविवारी मिसळ खाताना आमच्याकडे वायटूकेवरून जुंपली. म्हणजे २००० साल लागताना, वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवणारे संगणक गोंधळतील, ही तेव्हाची भीती. मामा म्हणाले, "वायटूके म्हणजे निव्वळ बागुलबुवा. एक तरी विमान पडलं का?" ताई प्रोग्रामर, ती उसळलीच. "अहो मामा, पत्र्याला डांबर लावलं म्हणून घर गळलं नाही. मग पाऊसच नव्हता म्हणणार का?"

ताईचं मला पटतं. पण दोघंही कॅलेंडरवरच अडकलेत. पंखाखालच्या हवेला साल कळत नाही. तारीख लागते ती देखभालीच्या नोंदींना, तिकिटांना, मार्गाच्या डेटाबेसला. शिवाय विमानांचं घड्याळ चालतं यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेवर; ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे फटाके वाजून गेल्यावर, पहाटे साडेपाचला त्यांचं २००० उजाडलं! त्या रात्री अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या प्रमुख जेन गार्वी मुद्दाम विमानात बसल्या होत्या.

खरी गोम वेगळीच आहे: "चालू होऊन किती वेळ झाला" हे मोजणारा आकडा.

२०१५ मध्ये एफएएनं बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनरेटरचे कंट्रोल युनिट स्वतःला बंद करून घेऊ शकत होते. चारही एकदम सुरू केलेले असतील, तर चारही एकदम बंद, मग विमान हवेत का असेना. २४८च का? सेकंदाचे शंभर भाग करून मोजत गेलं, की २,१४,७४,८३,६४७ वर ३२ बिटांचा आकडा भरतो, म्हणजे संगणकानं त्या मोजणीला दिलेली जागा संपते. हिशोब करा, साधारण तेवढेच दिवस येतात. हा दोष प्रयोगशाळेत सापडला, आकाशात नव्हे.

तेव्हाच्या आदेशातला उपाय? ठरावीक काळानं वीज बंद करून पुन्हा चालू करा.

मामा हसले. "आमच्या सेट-टॉप बॉक्ससारखं?"

अगदी तसंच. पण कुणी विसरलं तर? १४ सप्टेंबर २००४, लॉस एंजेलिसच्या परिसरातलं हवाई नियंत्रण केंद्र. रेडिओ यंत्रणेतला असाच एक आकडा ४९.७ दिवसांत संपायचा, म्हणून दर ३० दिवसांनी ती रिस्टार्ट करायची होती. राहून गेलं. रेडिओ गप्प, पाठोपाठ राखीव यंत्रणाही गप्प. काही विमानं नियमापेक्षा जवळ आली. टक्कर मात्र झाली नाही.

यावर मामांनी ताईला विचारलं, "तुमच्याकडे ते बटण दाबायचं काम कुणाचं असतं गं?"