वैद्यकीय नीतिशास्त्र: कोणी शिकायचे आणि कशासाठी

सोलापुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या देशात नव्या औषधाची चाचणी माणसांवर घ्यायची असेल, तर ती सुरू होण्यापूर्वी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी घ्यावी लागते. ही समिती कशी असावी हे 2019 च्या नव्या औषधांविषयीच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनी ठरवून दिले आहे. समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांतले निम्मे तरी त्या रुग्णालयाशी वा संस्थेशी संबंध नसलेले हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच हवा. सदस्यांमध्ये एक कायदा जाणणारा, निदान एक स्त्री, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा स्वयंसेवी कार्य अशा क्षेत्रातली एक व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असायलाच हवा. समोर बसलेल्यांत कला, वाणिज्य, विधी आणि समाजकार्य शाखांचे पुष्कळ विद्यार्थी आहेत, म्हणून मी आरंभीच हा नियम सांगितला. वैद्यकीय नीतिशास्त्र हा केवळ डॉक्टरांचा विषय आहे ही समजूत कायद्यालाही मान्य नाही.

या विषयाचा इतिहास तुम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून 1947 मध्ये माणसांवरच्या प्रयोगांसाठीची न्यूरेम्बर्ग संहिता आली आणि 1964 मध्ये अशाच संशोधनाची नैतिक तत्त्वे डॉक्टरांसाठी सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा आला. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवून केवळ निरीक्षण चालले होते. ते उघड झाल्यावर माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडणारा बेल्मोंट अहवाल तयार झाला. हे सारे महत्त्वाचे आहे, पण परीक्षेसाठी पाठ करताना ते दूरच्या, दुष्ट माणसांच्या कथांसारखे वाटू लागते आणि विषयाचे खरे अवघडपण निसटते. ते अवघडपण चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेल्या कामात असते. त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची अशी पद्धतशीर नोंद ठेवणारा तो देशातला पहिला प्रयत्न होता आणि त्याचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. या अनुभवाच्या बळावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास झाला, ज्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थाही सहभागी होत्या. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया होत्या. गावांचे 52 समूह करून ते चार गटांत वाटले गेले. एका गटातल्या स्त्रियांची, या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या गटात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशींचा नमुना, तपासला गेला, तिसऱ्या गटात ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहण्यात आले आणि चौथ्या गटाला त्या भागात मिळत असलेली नेहमीची सेवाच तेवढी मिळाली. नेहमीच्या सेवेत अशी तपासणी जवळपास नव्हतीच. अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते आणि चौथ्या गटात 64. दोन्ही गटांत तीस हजारांहून थोड्या अधिक स्त्रिया होत्या.

एकाच तपासणीने मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे ग्रामीण भारतात सिद्ध झाले आणि त्या ज्ञानाचा उपयोग जगभरच्या गरीब देशांना झाला. तरीही पुढे या अभ्यासावर आणि त्याच्या जोडीच्या इतर भारतीय अभ्यासांवर नैतिक आक्षेप घेतले गेले. तपासणीने जीव वाचतात हे आधीपासून माहीत असताना हजारो स्त्रियांचा एक गट तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा त्यातला मुख्य आक्षेप. समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे असे की, श्रीमंत देशांतल्या वारंवार होणाऱ्या तपासणीचा अनुभव इथे लागू पडत नव्हता, सरकारी तपासणी कार्यक्रम अस्तित्वात नव्हता, संशोधकांनी कोणाचीही मिळणारी सेवा काढून घेतली नव्हती आणि तुलनेवाचून धोरण आखणाऱ्यांना पटवता आले नसते. आता प्रश्न असा की तुलना कशाशी करायची: जगात उपलब्ध असलेल्या उत्तम उपायाशी, की त्या गावात प्रत्यक्षात मिळते त्या सेवेशी? हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2000 सालच्या फेरबदलाच्या वेळी नेमका हाच वाद पेटला होता. माझे स्वतःचे मत असे आहे की एखाद्या ठिकाणी सेवा नाही ही वस्तुस्थिती संशोधकाची जबाबदारी कमी करत नाही, आणि अशा अभ्यासात चौथ्या गटाला तपासणी कधी व कशी मिळेल हे पहिल्याच दिवशी लिहून ठरायला हवे. पण हे मत मी ठामपणे मांडू शकतो ते विरुद्ध बाजूचा युक्तिवाद पूर्ण ऐकल्यावरच. नीतिशास्त्राच्या अभ्यासात तुम्हाला हीच सवय लावून घ्यायची आहे. दया, सहानुभूती, संताप या भावना प्रत्येकाजवळ असतात. त्यांच्यापासून निघून कारणे, आकडे आणि पर्याय तपासत निर्णयापर्यंत जाणे ही शिकण्याची गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा संमतीचा, आणि तो सोलापूरला इतर शहरांपेक्षा अधिक लागू आहे. पूर्व भागातली, आयुष्यभर विड्या वळलेली, घरी तेलुगू बोलणारी एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. तिच्यापुढे मराठीत छापलेले अनेक पानी संमतीपत्र आहे, सांगणारा निवासी डॉक्टर विदर्भातून आलेला आहे आणि शेजारी उभा असलेला नातू "आजी, कर सही" म्हणतो आहे. अंगठा उमटतो. कागदोपत्री सगळे पूर्ण झाले, पण संमती मिळाली का? नियम या बाबतीत पुष्कळ सांगतात. माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे, वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत निःपक्ष साक्षीदार हवा आणि नव्या रासायनिक वा जैविक रेणूच्या चाचणीत दुर्बल स्थितीतल्या व्यक्तींची संमती घेताना दृकश्राव्य नोंदही करावी लागते. उपचारांपुरते बोलायचे तर समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही. परंतु नियम भाषांतर करत नाहीत. तेलुगू, कन्नड, दख्खनी उर्दू आणि मराठी ज्या शहरात एकाच गल्लीत ऐकू येतात, तिथला जो तरुण किंवा जी तरुणी या चारांपैकी तीन भाषा सहज बोलते आणि धोका, शक्यता, नकाराचा हक्क या गोष्टी साध्या शब्दांत समजावू शकते, तिच्याजवळ या क्षेत्राला हवे असलेले एक दुर्मीळ कौशल्य आधीच आहे. त्याला शिक्षणाची जोड मात्र हवी, कारण न शिकलेला दुभाषी नकळत मन वळवू लागतो. रुग्णाला "घाबरू नका, काही होत नाही" असे प्रेमाने सांगणे हेदेखील माहिती दडवणेच असते.

मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या निर्णयांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 मध्ये मृत्यू होईपर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत तिथेच होत्या, आणि त्यांच्या संदर्भातल्या 2011 च्या निकालाने कृत्रिम जीवनाधार थांबवण्याचा प्रश्न देशापुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता येईनासे झाल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाशी याविषयी बोलू शकणारी प्रशिक्षित माणसे मात्र आजही फार थोड्या रुग्णालयांत आहेत, आणि याचे मला मनापासून दुःख होते.

हे शिकायचे कुठे? वैद्यकीय महाविद्यालयांत 2019 पासून प्रवेश घेतलेल्यांना वृत्ती, नीती आणि संवाद यांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. इतरांनी आधी एक भक्कम मूळ पदवी घ्यावी, असा माझा आग्रह आहे: तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, नर्सिंग, औषधनिर्माण, समाजकार्य, यांपैकी कोणतीही चालेल. पदवीनंतर मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठात जैवनीतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते, बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने वैद्यकीय कायदा आणि नीतीचा पदविका अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवला आहे, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य व समाजकार्याच्या वाटेने या प्रश्नांशी गाठ पडते. प्रवेशाच्या अटी दरवर्षी नीट पाहून घ्या.

नोकरीविषयी मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. 'जैवनीतितज्ज्ञ' अशी पाटी असलेले पद आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत नाही. माणसे दुसऱ्या दाराने आत येतात. एथिक्स कमिटीच्या कार्यालयाचे काम सांभाळणारे, औषध-चाचण्यांचे रोजचे काम पाहणारे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, आरोग्य हक्कांवर काम करणारे वकील आणि पत्रकार ही त्यांतली काही. अवयव प्रत्यारोपण समन्वयकाचे काम मला यांत सर्वांत कठीण वाटते. मेंदूमृत घोषित झालेल्या तरुण मुलाच्या आईवडिलांसमोर बसून, दबाव न आणता, नकाराला पूर्ण जागा ठेवून अवयवदानाचा विषय काढायचा असतो. हे काम नर्स करू शकते आणि समाजकार्याचा पदवीधरही करू शकतो.

शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले की, बी. ए.च्या पहिल्या वर्षात असताना आजपासून काय करता येईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातले संमतीविषयीचे आणि दुर्बल घटकांविषयीचे प्रकरण आधी वाचावे. मुंबईहून 1993 पासून निघणारे वैद्यकीय नीतिशास्त्राचे नियतकालिकही मोफत वाचता येते. मग एखादे खरे संमतीपत्र मिळवून ते आपल्या आजीला समजेल अशा बोलीत, एकही धोका न गाळता लिहून पाहावे आणि तिला वाचून दाखवल्यावर तिने काय प्रश्न विचारले ते टिपून ठेवावे.