वॉटर वॉटर आणि पुनरुक्तीचा दोष

शाळेत निबंधात एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की बाई खाली लाल रेघ मारायच्या आणि बाजूला लिहायच्या, पुनरुक्ती. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं की तोच शब्द परत आला म्हणजे चुकलंच. मग कॉलेजात कोलरिज या इंग्रज कवीची म्हाताऱ्या खलाशाची कविता हातात आली, 'एन्शंट मरिनर', 1798 ची, आणि तिथे हा बाबा चार ओळींत दोनदा म्हणतोय, वॉटर, वॉटर, एव्हरीव्हेअर. बाईंचं लाल पेन संपलं असतं.

पण जरा थांबून बघा ना. वारा पडलाय, जहाज विषुववृत्तापाशी अडकलंय. पहिल्यांदा पाणीच पाणी म्हणतो आणि पुढे काय, तर फळ्या सुकून आक्रसल्या. दुसऱ्यांदा तीच ओळ, एका अक्षराचा फरक नाही, आणि पुढे नॉर एनी ड्रॉप टु ड्रिंक, प्यायला थेंब नाही. म्हणजे पहिल्या वेळी जे नुसतं दृश्य होतं त्याचाच दुसऱ्या वेळी छळ झाला. आपल्या बालकवींचं 'इकडे तिकडे चोहिकडे' आठवा, तिथेही चहूकडे एकच गोष्ट भरलीये, पण तो आनंद आहे, इथे तेच 'चहूकडे' गळा आवळतं.

त्याच्या थोडं आधी येतं, डे आफ्टर डे, डे आफ्टर डे. यात आपल्याला नवल वाटायला नको खरं तर. 'खूप चाललो' म्हटलं की समोरच्याला कळतं, 'चालून चालून' म्हटलं की त्याचेही पाय दुखतात. वाट बघून बघून, रडून रडून, आपलं सगळं बोलणं यावरच चालतं आणि निबंधात मात्र तो दोष!

आता आवाजाकडे येतो. जहाज जोरात चाललेलं असतं तेव्हाची ओळ आहे, द फरो फॉलोड फ्री, जहाजामागे पाण्यात उमटणारी चरी मोकळी मागे मागे येतेय. तीन वेळा फ, मोठ्याने म्हणा, तोंडातूनच वारा सुटतो. गंमत म्हणजे हे लिहिलं तेव्हा कोलरिजने मोठा समुद्रप्रवास केलेलाच नव्हता. पुढे बोटीत बसला तेव्हा लक्षात आलं की ती चरी मागे येताना दिसते ती किनाऱ्यावरच्या माणसाला, बोटीवरून बघितलं तर ती ओढ्यासारखी लांब वाहत जाते. मग 1817 च्या पुस्तकात त्याने तळटीप देऊन ओळ बदलली, स्ट्रीम्ड ऑफ फ्री. माहिती बरोबर झाली आणि ओळीतला वारा गेला. नंतर त्याने गुपचूप जुनीच ओळ परत आणली, आणि मला तो माणूस यासाठीच आवडतो!

कोलरिजचा कविमित्र वर्ड्सवर्थ, त्याने तर पुनरुक्तीची ही ताकद तत्त्व म्हणून मांडली. 'द थॉर्न' या कवितेत एक बाई 'ओ मिझरी, ओ मिझरी' करत राहते, त्यावर 1800 मध्ये त्याने टीप लिहिली. मुद्दा असा की भावना मोठी असते आणि शब्द तोकडे पडतात, मग मन त्याच शब्दाला चिकटून बसतं, आणि शब्द हे भावनेचं नुसतं चिन्ह नसून त्या भावनेचाच भाग असतात. घरात कोणी गेल्यावर आपली माणसं कशी बोलतात ते ऐकलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण माझ्या मते या सगळ्यावर कडी केली ती कीट्स या इंग्रज कवीने. 1819, नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्यावरची कविता. धाकटा भाऊ टॉम आदल्या डिसेंबरात क्षयाने गेलेला. सातवं कडवं संपतं फॉर्लॉर्न या शब्दावर, दूरच्या, परीकथेतल्या, ओसाड मुलखाबद्दल आहे तो, तिथे छानच वाटतो. आणि आठवं कडवं त्याच शब्दाने सुरू होतं, फॉर्लॉर्न! मध्ये फक्त एक कोरी जागा आहे, पण तेवढ्यात मुलूख गेला आणि शब्द येऊन कवीलाच चिकटला, एकटा, टाकलेला. आणि तो स्वतःच म्हणतो की हा शब्द घंटेसारखा आहे, मला माझ्याकडे परत बोलावतोय. पुढच्या ओळीत टोल, सोल, लांबलेला ओ दोनदा, घंटा खरंच वाजते. स्वतःच्याच शब्दाचा आवाज ऐकून जागा झालेला कवी मी दुसरा पाहिला नाही.

ते कडवं आता मी सावकाश वाचतो. जरा तो पंखा बंद करा कोणीतरी.