ऊसतोडीला गेलेले मूल मोजायचे कोणत्या तारखेला?

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणे, एखादी शेळी आणि या सगळ्यावर मुले, असा तो प्रवास पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यापर्यंत होतो. या व्यवसायात माणसे मोजण्याचे एकक आहे कोयता, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या जोडीसोबत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारे मूल या हिशेबात कुठेच नसते.

साखरेचा हिशेब मात्र आपल्याकडे फार काटेकोर आहे. कोणत्या कारखान्याने किती टन ऊस गाळला आणि साखरेचा उतारा किती टक्के पडला, याची दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांपर्यंतची माहिती हंगामभर पुण्याच्या साखर आयुक्तालयात जमा होत असते. ऊसतोडीच्या त्याच फडांवर शाळेच्या वयाची किती मुले आहेत, हे मात्र त्याच नेमकेपणाने कोणाला सांगता येत नाही. आपल्याकडे मोजणीच होत नाही असे मुळीच नाही. मोजण्या भरपूर होतात, पण त्या ज्या तारखांना होतात, त्या तारखाच या मुलांना सोयीच्या नाहीत, एवढेच मला आज मांडायचे आहे.

शाळांच्या पटासाठी अनेक वर्षे ३० सप्टेंबर ही तारीख धरली गेली. त्या दिवशी ही मुले गावातच असतात आणि वर्गात बसलेलीही असतात. राज्यभर गाजलेली पटपडताळणी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत झाली, म्हणजे टोळ्या बाहेर पडण्याच्या तोंडावर. शाळाबाह्य मुलांचे एका दिवसाचे राज्यव्यापी सर्वेक्षण ४ जुलै २०१५ रोजी झाले, तेव्हा तर पेरणीचे दिवस होते आणि ही कुटुंबे घरी परतलेली होती. जनगणनेचे उलटे आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली, म्हणजे ऐन गाळपाच्या दिवसांत. अख्खा महिना फडावर असलेल्या कुटुंबाची नोंद नियमाप्रमाणे तिथेच व्हायला हवी. पण प्रगणक त्या कोपीपर्यंत पोहोचला तरी स्थलांतराच्या कारणात मुलापुढे ‘कुटुंबासोबत’ एवढेच लिहिले जाते आणि ते दरवर्षी जाते-येते हे त्या नोंदीतून कळत नाही. शिवाय स्थलांतराची काही कोष्टके प्रसिद्ध व्हायला २०१९ साल उजाडले. गणनेच्या वेळी आठ वर्षांची असलेली मुलगी तोवर सोळा वर्षांची झाली होती.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचे ते ठरवले होते: कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती. मूल कामासाठी गेलेले नसते (निदान कागदावर तरी नसते), त्यामुळे ते या व्याख्येतूनही निसटते. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि पाणी भरायला नेली जाते. तिच्या या श्रमाला कोणताच रकाना नाही.

गावच्या शाळेचीही अडचण समजून घेतली पाहिजे. पटावर शिक्षकांची पदे अवलंबून असतात, तेव्हा गेलेल्या मुलाचे नाव कमी करायला कोणता मुख्याध्यापक उत्साहाने पुढे येईल? जो खरे लिहील त्याचे पद जाणार असेल, तर नोंद खरी होणार नाही. हंगामी स्थलांतरित म्हणून स्वतंत्र नोंद झाली आणि तिच्यामुळे पद गेले नाही, तरच हे बदलेल.

शिक्षण हमी कार्डाची कल्पना चांगलीच आहे. गावच्या शाळेने कार्ड द्यायचे आणि कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात बसवायचे. शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारताही येत नाही. परंतु किती कार्डे वाटली हा आकडा अर्धाच आहे. त्यांतली किती कार्डे दुसऱ्या टोकाला एखाद्या हजेरीपटाशी जुळली, हा आकडा त्याच्या शेजारी असल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. मूल कर्नाटकातल्या अथणीकडे गेले तर तिथली भाषा कन्नड आणि शिक्षण खाते दुसऱ्या राज्याचे. शाळांच्या राष्ट्रीय नोंदणीत आता विद्यार्थ्याला कायमचा क्रमांक मिळतो. तो हमी कार्डावर छापला, तर निदान भाषेच्या सीमेवर नोंद तुटणार नाही.

कोण कुठे गेले याची सर्वांत खरी नोंद मुकादमाच्या वहीत असते, हे गावात कोणीही सांगेल. कारखाना टोळीशी करार करतो, त्याच करारासोबत मुलांची यादी जोडून घेता येईल: वय, इयत्ता, गावची शाळा. मात्र ती यादी मुकादमाच्या हातात राहता कामा नये, कारण उचल फिटली नाही की मुलांची माहिती कुटुंबाला धरून ठेवण्याचे साधन होऊ शकते. ती शिक्षण विभागाकडेच जावी, आणि आईबापांना ती कशासाठी घेतली हे त्यांच्या भाषेत सांगितले जावे. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलांचीही नोंद त्याच यादीत हवी, कारण स्थलांतर त्यांच्याही वाट्याला आलेले असते.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. त्या सुमारास राज्यातले अनेक कारखाने सुरू असतील आणि टोळ्या फडावरच असतील. कोणत्या शिवारात किती कोप्या पडल्या आहेत, हे कारखान्याच्या शेती विभागाला तोंडपाठ असते. प्रगणकाला त्या शिवाराची यादी जानेवारीतच मिळायला हवी.