एकावर सहा

पहाटे साडेपाच, चिमणबागचं मैदान. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभे आहेत ते सिक्युरिटी एजन्सीवाले काका, तीन पिढ्या इंदूरच्या, घरात मराठी आणि बाहेर पडलं की 'क्या भिया'. पळतोय तो नवा पोरगा, एक किलोमीटर सहा मिनिटांत, तेही गार्ड होण्यासाठी! मग टेप, उंची 160 सेंटीमीटर, छाती 80 आणि फुगवून अजून 4. श्वास कसा कोंडलाय बघा, काका म्हणतात सोड आता, झालं.

पण झालं कुठे. 2005 चा प्रायव्हेट सिक्युरिटीचा कायदा, त्याखाली केंद्राचे मॉडेल रूल्स, म्हणजे नमुना नियम, त्यात ट्रेनिंग म्हणजे वर्गात 100 तास, फील्डवर 60, निदान 20 दिवसांत पसरलेलं. माजी फौजी असेल तर 40 आणि 16 वर भागतं, पण फौजी काकांच्या पगारात येतोय कशाला?

आता रात्रीचा सराफा. दागिन्यांची शटरं खाली, त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि जिलेबी, आणि गर्दीच्या मागे स्टुलावर आपला एक गार्ड. एकच. सियागंजच्या गोदामावर एक, विजयनगरच्या बिल्डिंगवर दोन.

हे मस्टर जवळून बघा, कोपरे दुमडलेले, जागोजागी व्हाइटनर. गार्डांची नावं 24, ड्युटीचे पत्ते 19. आणि गोम इथेच आहे. रूल्स सांगतात 15 गार्डांमागे एक सुपरवायझर, पण गार्ड वेगवेगळ्या जागी असतील आणि एकाला बघणं जमत नसेल तर सहांमागे एक. म्हणजे मोठ्या कंपनीचे 24 जण एका मॉलवर उभे असले की दोन सुपरवायझरांत काम होतं, आणि काकांचे 24 गावभर विखुरलेले म्हणून चार. छोट्याला कोण देतो हो अख्खा मॉल? चार पगार काढायचे कुठून, शिवाय सुपरवायझर घेताना फौज-पोलिसात तीन वर्षं काढलेल्याला आधी घ्या, हेही कायद्यातच. मध्यरात्री गार्डला काही झालं तर धावून जाणारं कुणी हवं, ते आहेच. आणि हे सगळं टाळायला लायसन्स न घेताच धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर 25,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रात्रीचे दोन. अ‍ॅक्टिवाच्या डिकीत मस्टर, वर थर्मास. काका निघाले सियागंजला, आज चौथा सुपरवायझर तेच आहेत.